एकोणिसाव्या शतकात लांब गेलेल्या माणसाची खबर घरी कशी पोचायची?

तांबडफुटी
मंडळी, एक विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय. एकोणिसाव्या शतकात आपली माणसं किती लांबलांब पांगली होती बघा. १८१८ नंतर दुसऱ्या बाजीरावाच्या मागोमाग हजारो लोक कानपूरजवळच्या बिठूरला गेले, कोणी इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याला नोकरीला, कोणी काशीला जाऊन तिथलेच झाले, पलटणीतले एडनपर्यंत गेले, कोकणातले मुंबईच्या गिरण्यांत आणि काही तर गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, थेट मॉरिशसला. या प्रत्येकाच्या मागे घरी आईबाप होते, बायकामुलं होती. मग एकमेकांची खबरबात कळायची कशी?

आपण सहज म्हणून टाकतो की तेव्हा गेला तो गेला, काही सोयच नव्हती. मला हे अजिबात पटत नाही. आमच्याकडे माळ्यावर मोडी पत्रांचा एक गठ्ठा आहे, पणजोबांचे वडील इंदुरास होते त्या काळातला, तो एका जाणकार काकांकडून वाचून घेतोय. त्यातून एवढं नक्की दिसतं की लोक संपर्कासाठी प्रचंड धडपडायचे आणि एका पत्रामागे पाच-सहा माणसांचे हात असायचे. लिहिणारा वेगळा, सांगणारा वेगळा, नेणारा तिसराच आणि इकडे वाचून दाखवणारा चौथा.

टपालाचं थोडं सांगतो. १८३७ च्या कायद्याने कंपनीचं टपाल सगळ्यांसाठी खुलं झालं पण दर अंतरावर होता, मुंबईहून कलकत्त्याला तोळाभर वजनाच्या पत्राला रुपया पडायचा. मजुराची दिवसाची कमाई दोन-तीन आणे असायची त्या काळात रुपया! म्हणजे साध्या माणसासाठी टपाल असून नसल्यासारखंच. मग १ ऑक्टोबर १८५४ ला सगळं बदललं, पाव तोळा वजनापर्यंत अर्धा आणा, मग पत्र शेजारच्या तालुक्यात जाऊदे नाहीतर पेशावरला. मला विचाराल तर सामान्य घरांसाठी रेल्वेपेक्षा हा अर्धा आणा मोठा. आगगाडी मुंबई-ठाणे सुरू झाली १८५३ ला, पण ती आपल्या गावाजवळ यायला पुढे कित्येक वर्षं गेली, तिकीट मात्र लगेच सगळीकडे लागू झालं.

पाव तोळा म्हणजे जेमतेम तीन ग्रॅम. त्यामुळे पातळ कागद, बारीक अक्षर, मजकूर संपला की समासात आडवं लिहायचं, तिथेही जागा संपली की उरलेल्या कोपऱ्यात उलटं. आमच्या गठ्ठ्यातल्या एका पत्रात तर निम्मा कागद नुसत्या नमस्कार-आशीर्वादांनी भरलाय, तीर्थरूप अमुकांस साष्टांग नमस्कार, चिरंजीव तमुकांस आशीर्वाद, शेजारच्या काकूंपर्यंत. आधी वाटलं केवढी जागा वाया घालवली, नंतर काका म्हणाले अरे ते पत्र चारचौघांत मोठ्याने वाचलं जाणार होतं, ज्याचं नाव राहील तो खट्टू होणार. मग सगळं नीट लागलं.

तुमच्या घरात, गावात काय ऐकलंय, काय जपलंय ते लिहा ना.

मोडीवेडा
फार छान धागा. तांबडफुटी, गठ्ठ्याचे आधी फोटो काढून ठेवा, मगच हाताळा. जुन्या शाईने कागद खाल्लेला असतो, घडीवर लगेच तुटतो.

मायन्यांबद्दल थोडी भर घालतो. "साष्टांग नमस्कार विनंती विशेष, येथील क्षेम जाणून स्वकीय क्षेम लिहीत जावे" हे आपल्याला नुसतं ठोकळेबाज वाटतं पण वाचून दाखवणारा तेवढं म्हणाला की ऐकणाऱ्यांचा जीव भांड्यात पडायचा, कारण वर श्री आहे, क्षेम आहे, म्हणजे वाईट बातमी नाही. मृत्यूची खबर असलेल्या पत्रावर श्री नसायचा, ते घरात न नेता बाहेरच वाचायचे आणि वाचल्यावर फाडून टाकायचे. म्हणून गठ्ठ्यांमध्ये आपल्याला लग्नं मुंजी बारशी सगळं सापडतं पण मृत्यूची पत्रं फार कमी. कोणी त्या गठ्ठ्यांवरून घराण्याचा इतिहास लिहिणार असेल तर हे डोक्यात ठेवूनच लिहा.

दुसरं म्हणजे नॉटपेड पत्रं. तिकीट न लावता पत्र टाकायचं, मग घेणाऱ्याकडून दुप्पट वसूल. लोक हे मुद्दाम करायचे आणि कारण फक्त पैसे वाचवणं नव्हतं. पैसे आधीच भरले तर टपालवाला पत्र पोचवेलच याची काय खात्री, पण वसुली बाकी असेल तर तो घर शोधत येणारच असा हिशोब होता. पत्ते तरी कसले, "मुक्काम अमुक, मारुतीच्या देवळामागे, अमक्या भटजींचे घरी पोचून तमक्यास मिळे". तो माणूस गाव सोडून गेला असेल तरी भटजी पुढे धाडायचे.

खारेवारे
कोकणातलं मी लिहितो. आमच्याकडे पत्र हा मुख्य मार्ग कधी नव्हताच, मुख्य मार्ग म्हणजे येणाराजाणारा. मुंबईत गावकऱ्यांच्या खोल्या असायच्या, एकेका खोलीत एकाच गावची दहा-पंधरा माणसं, पाळीपाळीने झोपायची, त्यातला कोणी गावाला निघाला की आदल्या रात्री सगळे त्याच्याभोवती. ह्याचे दोन रुपये आईला दे, त्याचं लुगडं बायकोला दे, अमक्याला सांग की म्हशीचं मी बघतो दिवाळीत आल्यावर. तो माणूस हे सगळं डोक्यात घेऊन जायचा आणि गावात उतरला की स्वतःच्या घरी जायच्या आधी लोक बांधावर उभे. परत येताना तसंच, कुळथाचं पीठ, आमसुलं, फणसाची साठं, आणि प्रत्येक घरचा निरोप. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर भांडणं व्हायची म्हणून भरवशाचा माणूस कोण हे गावात पक्कं ठरलेलं असायचं.

आणि पावसाळा. ज्येष्ठात गलबतं शाकारली की नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद, पुढे आगबोटी आल्या तरी पावसाळ्यात त्याही बंदच. डाक तेवढी पायी घाटातून नदीनाले ओलांडत जायची, हरकारा खांद्यावर थैली आणि हातात घुंगरांची काठी घेऊन पळायचा, ठराविक टप्प्यावर दुसऱ्याच्या हवाली करायचा. पण ती सगळ्या खेड्यांत थोडीच पोचत होती. तीन महिने आईला मुलाचं काही कळत नसे, आणि मुंबईत त्याच महिन्यांत पटकी-हिवताप जास्त. नारळी पौर्णिमेला आमच्याकडे अजून जो जीव ओततात त्याच्यामागे हेही असणार असं मला मनापासून वाटतं.

खरा फरक पडला तो मनीऑर्डरीने. १ जानेवारी १८८० पासून टपालखात्याने मनीऑर्डर चालू केली. त्याआधी पैसे पाठवायचे तर सावकाराची हुंडी, ती शंभर-पाचशेवाल्यांसाठी, गिरणीतल्या माणसाने पाच रुपयांची हुंडी कुठून काढायची. मनीऑर्डर आली की नुसते पैसे येत नव्हते हो, माणूस जिवंत आहे, कामावर आहे, आपल्याला विसरला नाही एवढं सगळं कळायचं. रत्नागिरी जिल्हा मनीऑर्डरीवर जगतो असं पुढे शंभर वर्षं म्हटलं गेलं ते उगाच नाही.

निळीशाई
वाचतेय. खारेवारे, बांधावर उभे हे अगदी डोळ्यासमोर आलं.

हुंडीवरून आठवलं, १८६१ नंतर सरकारी नोटा आल्या तेव्हा लोक नोट मधोमध कापून दोन अर्धुकं वेगवेगळ्या टपालाने पाठवायचे. पहिलं पोचल्याचं पत्र आलं की मग दुसरं. वाटेत चोरी झाली तरी चोराच्या हाती अर्धीच नोट. सगळं मिळून पैसे हातात यायला महिना जायचा पण बुडायचे नाहीत.

सातासमुद्रा
आनंदीबाई जोशींचं कोणीच कसं लिहिलं नाही? या विषयावर आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण तेच आहे आणि गंमत नाही, खरंच बघा, त्या घरात टपाल नोकरी म्हणूनच होतं, गोपाळराव टपालखात्यात. कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, भूज, मग कलकत्त्याकडे अशा बदल्या. कोल्हापूरला असताना त्यांनी एका मिशनऱ्याला बायकोच्या शिक्षणासाठी पत्र लिहिलं, ते अमेरिकेतल्या मिशनरी मासिकात छापून आलं आणि न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी १८८० मध्ये दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या ते वाचलं. ओळख ना पाळख, त्यांनी आनंदीबाईंना पत्र टाकलं. पुढची तीन वर्षं दोघी न भेटता एकमेकींना लिहीत होत्या, सण, कपडे, खाणं, आजारपण, धर्म, काहीही सोडलं नाही. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायला लागल्या. एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून नवऱ्याशिवाय निघालेली अठरा वर्षांची मुलगी जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली ती त्या पत्रांच्या जिवावर, कारण तिथे घ्यायला येणारं माणूस तिला आधीच माहीत होतं.

मग दिशा उलटली, आता माहेर-सासर सगळं इकडे आणि ती तिकडे. पत्र मुंबईहून एडन, सुएझ, इटली, इंग्लंड करत पुन्हा बोटीने अमेरिकेला, जायलाच महिना उलटून जायचा. म्हणजे आज विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दोन-सव्वादोन महिन्यांनी. आता विचार करा, गोपाळरावांनी रागाने काहीतरी लिहिलंय, पेहरावाबद्दल नाहीतर वागण्याबद्दल, ते तिला महिन्याने मिळणार, तोवर त्यांचा राग गेलेला असणार, ती उत्तर लिहिणार ते आणखी महिन्याने. भांडण मिटल्यावर भांडणाचं पत्र पोचतंय आणि तिथे परक्या थंडीत, आजारी अंगाने, ते एकटीने वाचायचंय. मला त्यांच्या पत्रव्यवहारातलं हे सगळ्यात जिव्हारी लागतं. गोपाळरावांना आपण फार सहज दोषी किंवा फार सहज थोर ठरवतो, मधल्या त्या महिन्याचा विचार कोणी करत नाही.

मार्च १८८६ च्या डॉक्टरकीच्या पदवीदानाला गोपाळराव स्वतः तिकडे होते, पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या. वर्षभरात, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात आनंदीबाई गेल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या आणि त्यांनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या. आधी पत्रं गेली, मग ती गेली, शेवटी अस्थी गेल्या. काशीबाई कानिटकरांनी १८८९ ला चरित्र लिहिलं, त्यामुळे त्यातली पत्रं आपल्याला वाचायला तरी मिळतात.

सातबारा
सगळं मान्य पण एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. ही पत्रांची दुनिया मूठभरांची होती. शेतकरी, बलुतेदार, अस्पृश्य समाज, यांच्यातले किती लोक लिहू शकत होते? पत्र आलंच तर कुलकर्ण्याकडे नाहीतर भटजीकडे जाऊन वाचून घ्यायचं, म्हणजे आपल्या घरातलं दुखणंखुपणं, कर्ज, भाऊबंदकी सगळं आधी त्याला कळणार, आणि तोच सावकाराचा माणूस असेल तर? महार समाजातला पलटणीतला शिपाई थोडंफार लिहायला शिकायचा, ते पत्र गावात वाचणार कोण, वाचणाऱ्याच्या ओटीवर तर चढू देत नाहीत. त्यामुळे शाळेची मागणी ही नुसती नोकरीसाठी नव्हती, आपलं पत्र आपण वाचता यावं हीसुद्धा त्यात होती असं मी ठामपणे म्हणेन.

म्हणूनच सावित्रीबाईंची जोतीरावांना लिहिलेली पत्रं मला इतकी मोलाची वाटतात. १८५६ मध्ये त्या आजारी म्हणून माहेरी नायगावला होत्या तिथून लिहिलेलं आहे. सुरुवातच "सत्यरूप जोतीबा" अशी. भाऊ म्हणतो तुम्ही नवराबायको महारामांगांना शिकवता, जातीबाहेर टाकलेत, आणि मी त्याला काय उत्तर दिलं ते त्या नवऱ्याला कळवतात. तब्येतीचं चार ओळीत आणि बाकी सगळं काम. १८७७ चं पत्र ओतूरहून आहे, दुष्काळाचं, पाणी नाही, जनावरं मरतायत, लोक गाव सोडतायत, सत्यशोधक मंडळी काय करतायत. एक बाई स्वतःच्या हाताने, मधे कोणाला न घालता, नवऱ्याला लिहितेय. त्या काळात हे केवढं मोठं स्वातंत्र्य होतं याची कल्पना करा.

तांबडफुटी
सातबारा, तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आणि धाग्यात हवाच होता. आमच्या गठ्ठ्यातही बायकांचा आवाज येतो तो "सौ. वहिनी सांगतात की" असाच, लिहिणारा दीर नाहीतर सासरा. सासऱ्याला मजकूर सांगून नवऱ्याला पत्र लिहायचं, त्यात मनातलं काय येणार.

पाटाणीची_लेक
बायकांचं मी सांगते. दहा-बारा कोसांवर दिलेली मुलगीसुद्धा तेव्हा लांबच होती. तिचा संपर्क म्हणजे सांगावा. बाजारहाटाला येणारी माणसं, बांगड्या भरणारा कासार, गोंधळी, वारीला जाणारे, यांच्याकडे माहेरचं कोणी भेटलं तर सांगा म्हणून निरोप. कासार घरात बसून हात हातात घेऊन बांगड्या भरतो, त्यामुळे सासूसमोरसुद्धा त्याच्याशी दोन शब्द बोलता यायचे, तो चार गावं फिरणारा. माझ्या आजीच्या आजीकडून आलेली गोष्ट अशी की कासार माहेरी जाऊन फक्त एवढंच सांगायचा, पोरीचा हात मागच्या वेळेपेक्षा बारीक झालाय, बांगडी एक नंबर लहान लागली. मग पंधरवड्यात भाऊ मुराळी म्हणून, तिला माहेरी न्यायला, हजर. तिने काही सांगितलंच नव्हतं, पण कळायचं ते कळलं.

जात्यावरच्या ओव्यांमध्ये बघा भाऊ किती वाटेवर असतो, येतोय, घोड्यावरून येतोय, दिसत नाही अजून. ती नुसती कविता नाही, त्यांच्यासाठी भाऊ म्हणजेच पत्र आणि भाऊ म्हणजेच उत्तर.

मांडवीकाठ
गोव्याचं थोडं. गोंयकार मुंबईत फार पूर्वीपासून, बोटीवर खलाशी, आचारी, बँडवाले. त्यांच्या गावागावाच्या कुडी, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक खोल्या, असायच्या मुंबईत, बोट लागली की खलाशी आपल्या गावच्या कुडीत उतरणार, तिथेच घरचं पत्र वाट बघत असणार, कारण जगात कुठेही असला तरी पत्ता कुडीचाच द्यायचा.

पण राज्यं दोन. पोर्तुगीज गोव्यातून ब्रिटिश मुलखात पत्र टाकायचं तर १८७७ पर्यंत दोन्ही सरकारांची तिकिटं लावावी लागत, एका पाकिटावर इकडचं पण आणि तिकडचं पण. सावंतवाडीला दिलेल्या बहिणीला लिहायचं तरी तेच. ती पाकिटं आता संग्राहक मोठ्या किमतीला घेतात.

पंचांगकर्ते_नव्हे
एक वेगळी बाजू. खबर उशिरा पोचणार हे धर्मशास्त्राने गृहीतच धरलं होतं. लांबच्या भाऊबंदाचा मृत्यू दहा दिवसांच्या आत कळला तर उरलेले दिवस सुतक, दहा दिवसांनंतर कळला तर तीन दिवस, आणखी उशीर झाला तर ते कमी कमी होत शेवटी नुसती आंघोळ. आईवडलांचं मात्र मुलाला केव्हाही कळो, कळल्या दिवसापासून पूर्ण दहा दिवस. आणि काहीच खबर नसेल तर? काशीला म्हणून गेला आणि परतलाच नाही अशी माणसं प्रत्येक घराण्यात एखादं तरी असायचं. तिथे बारा वर्षं वाट बघायची, मग पळसाच्या तीनशेसाठ पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. आणि तो माणूस नंतर जिवंत परत आला तर त्याचे जन्मापासूनचे संस्कार पुन्हा करून, स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. हे नियम कोणीतरी कधीतरी वापरले असणार म्हणून तर लिहून ठेवले.

बारा वर्षं त्या बाईने कुंकू लावायचं की नाही हा रोजचा प्रश्न असणार. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरच्या कर्जापायी दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले, झाशीच्या वेढ्यात सापडले, सगळीकडे लुटालूट चाललेली. तेवढा काळ घरच्यांनी कसा काढला असेल.

मोडीवेडा
तारेचंही सुरुवातीच्या टपालासारखंच झालं. १८५५ पासून तार सगळ्यांना खुली झाली पण महाग, म्हणून घरगुती तार फक्त मरणाची नाहीतर अत्यवस्थ असल्याची. गावात तारवाला दिसला की न उघडताच रडारड. उलट १ जुलै १८७९ ला पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं आणि लोक साध्यासाध्या गोष्टींसाठी लिहायला लागले, सुखरूप पोचलो, आंबे मिळाले, मुलीला दात आला. उघडं असल्यामुळे सगळ्यांनी वाचायचं पण मजकूरही तसाच. मला तर वाटतं खरं बोलणं तिथून सुरू झालं, पाच-पाच पानी नमस्कारांतून सुटका झाली.

खारेवारे
@मोडीवेडा, नमस्कारांतून सुटका हे मला नाही पटलं. वर तांबडफुटींनी लिहिलंय ना, ज्याचं नाव राहील तो खट्टू. कार्डावर ती नावं बसेनात म्हणून "सर्वांस यथायोग्य" सुरू झालं. त्यात आपण आहोत की नाही हे कोणाला कळणार? पत्रं वाढली पण पत्रातली माणसं कमी झाली.

फिनिक्सबे
मी नोकरीनिमित्त काही वर्षं मॉरिशसला होतो. १८३४ पासून पुढे साडेचार लाखांच्या आसपास भारतीय तिथे गिरमिटावर गेले, त्यात मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरी भागातले मराठी लोकही. पाच वर्षांचा करार, उसाचे मळे. पत्रं लिहिणारे फारच थोडे. करार संपवून परत निघालेल्या माणसाच्या हाती निरोप आणि पैसे द्यायचे, आणि तो आपल्याच बाजूचा असेल तरच. नाही मिळाला तर विषय संपला. बहुतेकांचा तिथेच तुटला.

पण एक गोष्ट उरली. उतरल्यावर प्रत्येकाची नोंद व्हायची, नाव, बापाचं नाव, जात, जिल्हा, गाव, अंगावरची खूण, पुढे पुढे तर फोटोही. ती सगळी दफ्तरं मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली आहेत. साहेबाच्या कारकुनाने कानाला येईल तसं गावाचं नाव लिहिलंय त्यामुळे ओळखणं कठीण. तिथल्या एका मराठी आजोबांनी मला त्यांच्या पूर्वजाच्या नोंदीची नक्कल दाखवली, आम्ही दोघं रत्नागिरीचा नकाशा पसरून संध्याकाळभर बसलो, दोन-तीन गावं जुळतील अशी वाटली. त्यांना फक्त तिथला ग्रामदेव कोण एवढं हवं होतं, कारण घरात अजून एका देवाचं नाव घेतात आणि तो कुठला ते कोणालाच माहीत नाही.

खारेवारे
@फिनिक्सबे त्या गावांची नावं आणि देवाचं नाव मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माझं मामाकडचं सगळं त्याच पट्ट्यात आहे, गुरवांना विचारतो. गणपतीत गावाला जातोच आहे.

तांबडफुटी
हे जमलं तर फार मोठं काम होईल. ज्यांचा धागा असा मधेच तुटलाय त्यांच्यासाठी अजून एक सुचवतो, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यांकडे नामावळ्या आहेत. घराण्यातला जो कोणी तिथे गेला त्याने स्वतःचं, बापआज्याचं, भावांचं, मुलांचं नाव आणि गाव लिहून ठेवलंय, बऱ्याच ठिकाणी स्वतःच्या अक्षरात. एक भाऊ बडोद्याला आणि एक सातारला, वीस वर्षं भेट नाही, पण दोघंही कधीतरी त्र्यंबकेश्वरला येणार आणि तीच वही उघडणार. आमच्या इंदूरच्या शाखेत कोण कोण होतं ते मला पत्रांपेक्षा तिथे जास्त मिळालं. जाताना आडनाव आणि मूळ गाव दोन्ही पक्कं माहीत हवं, उपाध्ये गावावरून ठरतात. आणि जुन्या नोंदी मोडीत आहेत, तेव्हा वाचणारं कोणीतरी सोबत न्या, मोडीवेडांना वेळ असेल तर मी पुढच्या महिन्यात परत जाणार आहे.

मोडीवेडा
येतो. शनिवार बघा.